दोषसहिष्णू संगणक प्रणाली

ज्या संगणक प्रणालीतील एक वा अधिक घटक सदोष झाले, तरी तिच्याकडून अपेक्षित असलेली सेवा अचूकपणे व खंड न पडता मिळत राहते, अशा प्रणालीला दोषसहिष्णू संगणक प्रणाली असे म्हणतात. जेव्हा असे अनेक संगणक संदेशवाहक दुव्यांनी जोडलेले असून ते एकच कार्य वाटून घेऊन करतात, तेव्हा त्या समूहाला वितरित प्रणाली म्हणतात. बँकांचे व्यवहार, दूरध्वनी केंद्रे, विमानांचे नियंत्रण, अवकाशयाने, वीजवितरण व रोखेबाजार यांसारख्या क्षेत्रांत संगणक काही क्षण थांबणेही परवडत नाही. त्यामुळे विश्वासार्हता हा संगणकविद्येतील आरंभापासूनचा प्रश्न ठरला आहे.

या विषयात तीन संज्ञांमध्ये भेद करतात. घटकातील मूळ व्यंग म्हणजे ‘दोष’ होय. दोषामुळे प्रणालीच्या अंतर्गत स्थितीत जी चूक निर्माण होते ती ‘त्रुटी’ आणि त्रुटीचा परिणाम बाहेरील वापर करणाऱ्यापर्यंत पोहोचून सेवा बिघडणे म्हणजे ‘कार्यभंग’ होय. दोष पूर्णपणे टाळता येत नाहीत, असे गृहीत धरून दोषापासून कार्यभंगापर्यंतची साखळी मध्येच तोडणे हे दोषसहिष्णुतेचे उद्दिष्ट आहे.

प्रश्नाचे स्वरूप साध्या गणिताने स्पष्ट होते. एखादा घटक ठराविक काळात बिनचूक चालण्याची संभाव्यता ०·९९९ असेल, तर तो पुष्कळच विश्वासार्ह म्हणावा लागेल. तथापि असे १,००० घटक एकत्र असून त्यांपैकी प्रत्येक चालणे आवश्यक असेल, तर संपूर्ण प्रणाली बिनचूक चालण्याची संभाव्यता सु. ०·३७ इतकीच राहते. याउलट ०·९९ संभाव्यतेचे तीन घटक एकच काम करीत असतील व त्यांपैकी दोघांचे उत्तर ग्राह्य मानले, तर संभाव्यता ०·९९९७ पर्यंत वाढते. मात्र यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत : एक म्हणजे घटक परस्परांपासून स्वतंत्रपणे बिघडतात आणि दुसरी म्हणजे मतांची मोजणी करणारा भाग स्वतः निर्दोष आहे. या दोन गृहीतकांची वारंवार झालेली परीक्षा हाच या विषयाच्या इतिहासाचा गाभा आहे.

प्रारंभ : गणनेतील चुका टाळण्यासाठी एकच गणित दोन स्वतंत्र व्यक्तींकडून करवून घेण्याची प्रथा यंत्रांपूर्वीची आहे. चार्ल्‌स बॅबेज यांच्या गणनयंत्रासंबंधी १८३४ मध्ये लिहिताना डायोनिशियस लार्डनर यांनी तिचा उल्लेख केला असून दोघांनी निरनिराळ्या पद्धती वापरल्यास ही तपासणी अधिक निर्णायक ठरते, असेही नमूद केले आहे. एकाच पद्धतीने काम करणारे दोघे एकच चूक करू शकतात, हे तत्त्व येथे स्पष्टपणे दिसते.

अमेरिकेत १९४६ मध्ये जाहीर झालेल्या एनियाक या संगणकात सु. १८,००० निर्वात नलिका होत्या. नलिका जळण्याचे प्रमाण कमी करण्यासाठी त्या त्यांच्या क्षमतेपेक्षा बऱ्याच कमी दाबाने चालविण्यात आल्या. त्यानंतरच्या बिनॅक (१९४९) या संगणकात दोन सारखी यंत्रे एकाच वेळी तेच गणित करून परस्परांची उत्तरे ताडून पाहत, तर युनिव्हॅक–१ (१९५१) मध्ये अंकगणितीय मंडले दुहेरी ठेवण्यात आली. दोन यंत्रांच्या तुलनेने चूक झाल्याचे कळते. परंतु चूक कोणाची हे कळत नाही. त्यासाठी तिसरे मत लागते. अंतोनीन स्वोबोदा यांच्या नेतृत्वाखाली प्राग येथे तयार झालेल्या व १९५७ पासून चालू झालेल्या सापो या संगणकात तीन अंकगणितीय विभाग समांतर चालत व बहुमताने उत्तर ठरे. युद्धोत्तर चेकोस्लोव्हाकियात चांगल्या प्रतीचे घटक दुर्मिळ असल्याने हा मार्ग पतकरण्यात आला. यातील सु. ७,००० अभिचालित्रांच्या (विद्युत् मंडलाची उघडझाप करणाऱ्या साधनांच्या) ठिणग्यांनी तेलाने पेट घेतला व १९६० मध्ये हा संगणक नष्ट झाला. अंतर्गत बहुमत बाह्य आपत्तीपुढे निरुपयोगी ठरते, याचे हे लवकरचे उदाहरण होय.

सैद्धांतिक पाया : बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांची गणिते सुट्टीच्या दिवसांत माणसांच्या देखरेखीविना चालत. चूक आढळली की यंत्र ते काम सोडून पुढील कामाकडे वळे. यंत्राला चूक ओळखता येते, तर तिची जागा ओळखून ती सुधारता का येऊ नये, या विचारातून त्यांनी त्रुटीसुधारक संकेत शोधून काढले व १९५० मध्ये ते प्रसिद्ध केले. चार माहिती-अंकांना तीन तपासणी-अंक ठराविक रीतीने जोडले असता सातांपैकी कोणताही एक अंक चुकला, तरी त्याचे स्थान निश्चित होते. संगणकांच्या स्मृतिमंडलांत या कल्पनेचे विकसित प्रकार आजही वापरले जातात.

जॉन फोन नॉयमान यांनी १९५२ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे दिलेल्या व्याख्यानांत अविश्वसनीय घटकांपासून विश्वसनीय यंत्रणा कशी बांधता येईल, याचे विवेचन केले. ते १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. मतमोजणी करणारे भागही चुकतात असे धरून त्यांनी प्रत्येक संदेश एका तारेऐवजी तारांच्या जुडग्यातून न्यावा व टप्प्याटप्प्यावर बहुमताने शुद्ध करावा, असे सुचविले. घटकाची चुकण्याची संभाव्यता एका मर्यादेपेक्षा कमी असेल, तरच ही युक्ती साधते. हे सहज पडताळता येते : ०·४ संभाव्यतेचे तीन घटक बहुमताने जोडले, तर एकंदर संभाव्यता ०·३५२ इतकी खाली येते. वाईट घटकांची संख्या वाढविल्याने चांगली प्रणाली बनत नाही.

दूरध्वनी व अवकाश : ही तत्त्वे मोठ्या प्रमाणावर प्रथम दूरध्वनी केंद्रांत वापरली गेली. बेल कंपनीचे पहिल्या क्रमांकाचे इलेक्ट्रॉनीय केंद्र न्यू जर्सीतील सकासुना येथे १९६५ मध्ये सुरू झाले. चाळीस वर्षांत एकूण दोन तासांपेक्षा अधिक काळ केंद्र बंद राहू नये, असे उद्दिष्ट ठेवून त्यातील नियंत्रक संगणक दुहेरी बसविण्यात आले होते. सॅटर्न–५ या प्रक्षेपकाच्या मार्गदर्शक संगणकातील तर्कमंडलांचे सात भाग पाडून प्रत्येक भाग तिप्पट ठेवलेला होता व प्रत्येक भागानंतर मतमोजणी होई. ‘दोषसहिष्णू’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा रूढ करणारे आल्गिर्दास अविझिएनिस यांनी जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत दीर्घ अवकाशप्रवासासाठी स्वतःची दुरुस्ती करणारा ‘स्टार’ हा प्रायोगिक संगणक १९६० नंतरच्या दशकात विकसित केला. १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर यानांत तीन प्रकारचे संगणक प्रत्येकी दोन होते. व्हॉयेजर–१ मधील स्मृतीची एक चकती नोव्हेंबर २०२३ मध्ये निकामी होऊन यानाकडून अर्थहीन माहिती येऊ लागली. सु. २,४०० कोटी किमी. अंतरावरून संदेश पाठवून अभियंत्यांनी बाधित आज्ञावली स्मृतीच्या इतर भागांत हलविली व एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा सुसंगत माहिती पाठवू लागले.

जाळ्यांचा उदय : अणुयुद्धातही टिकेल अशा संदेशवहनाचा विचार करताना रँड संस्थेतील पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये केंद्रहीन जाळ्याची कल्पना मांडली. प्रत्येक ठाण्याला किमान जरूरीपेक्षा तीन-चार पट दुवे असले, तर बरीच ठाणी नष्ट होऊनही उरलेली बहुतेक ठाणी परस्परांशी जोडलेली राहतात, असे त्यांनी दाखविले. १९६९ मध्ये सुरू झालेल्या आर्पानेट या जाळ्यात संदेशांचे तुकडे निरनिराळ्या वाटांनी नेण्याची अशीच पद्धत होती.

तरीही २७ ऑक्टोबर १९८० रोजी हे संपूर्ण जाळे सु. चार तास ठप्प झाले. जाळ्यातील ठाणी आपल्या दुव्यांच्या स्थितीची वार्ता सर्वत्र पाठवीत व जुनी वार्ता कोणती हे ओळखण्यासाठी प्रत्येक वार्तेला शून्यापासून त्रेसष्टपर्यंतचा चक्राकार अनुक्रमांक देत. एका ठाण्याच्या स्मृतीत काही द्विमान अंक गळाल्याने एकाच ठाण्याच्या नावे ८, ४० व ४४ अशा तीन क्रमांकांच्या वार्ता निर्माण झाल्या. चक्राकार मोजणीच्या नियमानुसार ४४ हा ४० नंतरचा, ४० हा ८ नंतरचा आणि ८ हा ४४ नंतरचा ठरत होता. त्यामुळे प्रत्येक ठाणे प्रत्येक वार्तेला नवी समजून ती स्वीकारीत व पुढे पाठवीत राहिले आणि इतर कामाला वाव उरला नाही. दुव्यावरून जाताना माहिती तपासली जाई. पण ठाण्याच्या स्मृतीत असताना ती तशी तपासली जात नसे. नाश पावणाऱ्या ठाण्यांविरुद्ध हे जाळे सज्ज होते, परंतु चालू राहून चुकीचे बोलणाऱ्या ठाण्याविरुद्ध नव्हते.

मतैक्याचा प्रश्न : वितरित प्रणालीत कोणाही एका संगणकाला संपूर्ण परिस्थिती एकाच क्षणी दिसत नाही. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये असे दाखविले की, अशा प्रणालीत घटनांचा क्रम भिंतीवरील घड्याळाने नव्हे, तर कोणता संदेश कोणत्या संदेशानंतर निघाला या कार्यकारणसंबंधाने ठरवावा लागतो. सर्व प्रती सारख्या स्थितीत सुरू होऊन सारख्याच आज्ञा सारख्याच क्रमाने पाळतील, तर त्या सदैव सारख्या राहतील. म्हणून सर्व प्रतींनी आज्ञांच्या क्रमावर एकमत करणे हा मुख्य प्रश्न होतो.

नासासाठी विमाननियंत्रक संगणकाची ‘सिफ्ट’ ही योजना आखताना मार्शल पीझ, रॉबर्ट शोस्टॅक व लॅम्पोर्ट यांना या प्रश्नातील एक अनपेक्षित अडचण आढळली. त्यांचे निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले व १९८२ मध्ये त्यांनी ते ‘बायझँटिन सेनापतींचा प्रश्न’ या रूपकाने पुन्हा मांडले. एका शहराला वेढा घातलेल्या सैन्याचा प्रमुख दोन सरदारांना हल्ल्याची वा माघारीची आज्ञा पाठवितो, असे समजू. तिघांपैकी एक फितूर आहे. पहिल्या सरदाराला प्रमुखाकडून ‘हल्ला’ अशी आज्ञा मिळते, परंतु दुसरा सरदार त्याला ‘मला माघार सांगितली आहे’ असे कळवितो. यावरून प्रमुख फितूर आहे की दुसरा सरदार, हे पहिल्याला कोणत्याही उपायाने ठरविता येत नाही. कारण दोन्ही परिस्थितींत त्याच्या हाती येणारे संदेश सारखेच असतात. सर्वसाधारणपणे म घटक मनमानी वागत असतील, तर किमान ३म + १ घटक आवश्यक असतात. म्हणजेच एका दुटप्पी संगणकाविरुद्ध तीन संगणकांचे बहुमत पुरेसे नसून चार लागतात. संदेशांवर बनावट न करता येणारी सही असेल, तर ही अट शिथिल होते. सदोष यंत्राला हेतू नसतो हे खरे. परंतु सैल झालेला जोड एका बाजूस शून्य व दुसऱ्या बाजूस एक पोहोचवू शकतो आणि परिणाम फितुरीसारखाच होतो.

मायकेल फिशर, नॅन्सी लिंच व मायकेल पॅटरसन यांनी १९८५ मध्ये याहूनही मूलभूत मर्यादा सिद्ध केली. संदेश पोहोचण्यास किती वेळ लागेल यावर कोणतेही बंधन नसेल, तर एकच संगणक बंद पडण्याची शक्यतादेखील कोणत्याही ठाम नियमाने चालणारे मतैक्य सदैव पूर्ण होईल याची हमी देऊ देत नाही. उत्तर न देणारा संगणक मृत आहे की केवळ संथ, हे दुरून ओळखता येत नाही, हे यामागील कारण आहे. यावर व्यवहारात असा मार्ग काढण्यात आला : चुकीचा निर्णय कधीही होऊ द्यायचा नाही, मात्र जाळे अस्थिर असेतोवर निर्णयाला विलंब होऊ द्यायचा. ब्रायन ओकी व बार्बरा लिस्कोव्ह (१९८८) यांची पद्धत आणि लॅम्पोर्ट यांची १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘पॅक्सॉस’ ही पद्धत या तत्त्वावर आधारित आहेत. दोन्हींत बहुसंख्य प्रतींची संमती लागते. कोणत्याही दोन बहुसंख्य गटांत किमान एक सदस्य समाईक असतोच. त्यामुळे दोन परस्परविरोधी निर्णय संमत होऊ शकत नाहीत.

व्यापारी प्रणाली : टँडेम कंपनीने (स्थापना १९७४) बँकांसाठी १९७६ पासून न थांबणारे संगणक पुरविले. त्यांत प्रत्येक कामाची एक राखीव जोडप्रक्रिया दुसऱ्या संगणकात सज्ज असे व मूळ प्रक्रिया बंद पडताच ती सूत्रे हाती घेई. १९८० मध्ये स्थापन झालेल्या स्ट्रेटस कंपनीने यंत्रसामग्रीच्या जोड्यांची जोडी बसवून जुळत नसलेली जोडी आपोआप बाजूला काढण्याची पद्धत स्वीकारली. मुंबई येथील राष्ट्रीय शेअर बाजाराच्या पडद्यावरील व्यवहारांसाठी या कंपनीचे संगणक वापरण्यात आले होते.

टँडेम कंपनीतील जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये ग्राहकांकडील कार्यभंगांची कारणे तपासली. त्यांत यंत्रसामग्रीचा वाटा केवळ सु. १८ टक्के निघाला, आज्ञावलीचा सु. २५ टक्के, परिसराचा (उदा., वीजपुरवठा) सु. १४ टक्के आणि चालक व देखभाल यांचा सु. ४२ टक्के होता. यंत्रे दुहेरी करून यंत्रांचा प्रश्न सुटला होता, उरला होता तो माणसांचा व त्यांनी लिहिलेल्या आज्ञांचा. बरेचसे आज्ञावलीदोष क्षणिक परिस्थितीत उद्‌भवतात व पुन्हा प्रयत्न करताच नाहीसे होतात, हेही ग्रे यांनी दाखवून दिले. म्हणून व्यवहार एकतर पूर्ण व्हावा किंवा मुळीच होऊ नये, ही त्यांनी विकसित केलेली शिस्त दोषसहिष्णुतेला पायाभूत ठरली.

आज्ञावलीतील दोष : यंत्रे झिजतात, आज्ञावली झिजत नाही, तिच्यातील दोष सर्व प्रतींत जन्मतःच सारखा असतो. यावर उपाय म्हणून एकच आज्ञावली निरनिराळ्या गटांकडून स्वतंत्रपणे लिहवून घेऊन बहुमत घेण्याची कल्पना अविझिएनिस यांनी १९७७ मध्ये सुचविली. परंतु जॉन नाइट व नॅन्सी लेव्हसन यांनी १९८६ मध्ये २७ स्वतंत्र आज्ञावल्यांची दहा लक्ष चाचण्यांनी परीक्षा केली, तेव्हा स्वतंत्रतेच्या गृहीतकावरून अपेक्षित असलेल्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक वेळा त्या एकाच ठिकाणी चुकल्या. प्रश्नाचा अवघड भाग सर्वांनाच अवघड जातो.

प्रत्यक्ष घटनांनी हेच दाखविले. अवकाशविमानात एकाच आज्ञावलीवर चालणारे चार संगणक व वेगळ्या गटाने लिहिलेल्या आज्ञावलीवर चालणारा पाचवा संगणक होता. १० एप्रिल १९८१ रोजी प्रक्षेपणाला सु. वीस मिनिटे असताना पाचव्याचा चौघांशी कालमेळ बसेना, म्हणून उड्डाण दोन दिवस पुढे गेले. सुरक्षेसाठी जोडलेला घटकच येथे अडथळा ठरला होता. ४ जून १९९६ रोजी एरियान–५ या प्रक्षेपकातील राखीव व मुख्य असे दोन्ही दिशादर्शक संगणक एकाच कारणाने लागोपाठ बंद पडले. ६४ अंकी मूल्य १६ अंकी जागेत मावत नव्हते व दोहोंतील आज्ञावली एकच होती. प्रक्षेपक उड्डाणानंतर सु. चाळीस सेकंदांतच नष्ट झाला. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील ए. टी. अँड टी. कंपनीच्या दूरध्वनी जाळ्यात एक केंद्र बंद पडून नियमाप्रमाणे पूर्ववत झाले. परंतु ते पूर्ववत झाल्याच्या संदेशांमुळेच आज्ञावलीतील एका चुकीने शेजारची केंद्रे बंद पडत गेली. सर्व ११४ केंद्रांत तीच आज्ञावली असल्याने बिघाड सु. नऊ तास जाळ्यात फिरत राहिला. सावरण्याची क्रियाच येथे रोगाची वाहक बनली.

महाजालाच्या युगात : २००० नंतर हजारो स्वस्त संगणक जोडून सेवा देण्याची पद्धत रूढ झाली. एवढ्या समूहात रोज काहीतरी बिघडणारच हे गृहीत धरून गूगल कंपनीच्या संचयप्रणालीत (२००३) माहितीच्या प्रत्येक खंडाच्या सामान्यतः तीन प्रती निरनिराळ्या संगणकांवर ठेवण्यात आल्या. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेले आणि सेथ गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेले तत्त्व असे की, जाळ्याचे दोन तुकडे झाले असता सर्वांना एकच सुसंगत माहिती मिळणे व प्रत्येक मागणीला उत्तर मिळणे या दोहोंपैकी एकाचा त्याग करावाच लागतो. ही निवड तांत्रिक नसून सेवेच्या हेतूवर अवलंबून असते. खरेदीची यादी क्षणभर विसंगत असली तरी चालते, म्हणून ॲमेझॉन कंपनीच्या ‘डायनॅमो’ प्रणालीत (२००७) ती सदैव स्वीकारली जाऊन मागाहून जुळविली जाई. खात्यातील रक्कम मात्र दोनदा खर्च होता कामा नये. मिगेल कास्ट्रो व लिस्कोव्ह यांनी १९९९ मध्ये बायझँटिन दोषांविरुद्ध व्यवहार्य वेगाची पद्धत दिली, तर २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइन या आंकिक चलनाने अनोळखी सहभागींमध्येही मतैक्याचा, पुष्कळ वीज खर्च करणारा, वेगळा मार्ग अनुसरला. डिएगो ओंगारो व जॉन ऊस्टरहौट यांची ‘राफ्ट’ (२०१४) ही पद्धत समजण्यास सोपी असावी या स्पष्ट हेतूने रचलेली आहे; न समजलेली पद्धत चुकीची राबविली जाते, हा अनुभव त्यामागे होता.

राखीव व्यवस्था असणे व ती वेळेवर उपयोगी पडणे या भिन्न गोष्टी आहेत. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराला जोडणारे दोन दूरसंचार कंपन्यांचे दुवे अस्थिर झाले व जोखीम-नियंत्रणाची यंत्रणा उपलब्ध न राहिल्याने सकाळी ११·४० वाजता व्यवहार थांबवावे लागले. चेन्नई येथील पर्यायी केंद्राकडे कामकाज हलविण्यात आले नाही. दुपारी ३·४५ वाजता बाजार पुन्हा उघडून तो त्या दिवशी पाच वाजेपर्यंत चालविण्यात आला.

मूल्यमापन : या सु. पाऊणशे वर्षांच्या वाटचालीत भर यंत्रांच्या संख्येवरून त्यांच्या परस्परसंबंधांवर सरकलेला दिसतो. प्रती वाढविणे सोपे आहे. त्या एकाच कारणाने एकत्र बिघडणार नाहीत याची खात्री करणे, त्यांच्यात मतभेद झाल्यास कोणाचे ऐकावे हे आधीच ठरविणे आणि सावरण्याची यंत्रणा प्रसंग येण्यापूर्वी वरचेवर वापरून पाहणे अवघड आहे. कोणतीही प्रणाली सर्व दोषांविरुद्ध सहिष्णू नसते. ती ठराविक प्रकारच्या व ठराविक संख्येच्या दोषांविरुद्धच तशी असते. म्हणून ती कोणत्या गृहीतकांवर उभी आहे व ती गृहीतके मोडल्यास काय होईल, हे तिच्यावर ज्यांचे जीवित वा वित्त अवलंबून आहे, त्यांना स्पष्टपणे सांगणे हा तिच्या रचनेचाच एक भाग मानावा लागतो.